ताम्रपटातला घरखर्च

बेळगावात राहणाऱ्या माणसाला सुट्टी म्हटली की आधी गोवा आठवतो. गोवा जवळ खरा, पण चौघांचे लॉजचे भाडे आणि हॉटेलचे जेवण धरले तर महिन्याचा किराणा एका मुक्कामात संपतो. म्हणून पाऊस सरला, दसऱ्याची सुट्टी लागली, की मी घरच्यांपुढे माझा बेत मांडते : तीन दिवस, तीन वाटा, आणि रोज रात्री आपल्याच अंथरुणावर झोप.

पहिला दिवस गावातच, किल्ल्यातल्या कमल बस्तीचा. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली झुकलेले, गाभाऱ्यात नेमिनाथ भगवान. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या अमदानीत, १२०४ च्या सुमारास, त्याचा अमात्य बीचण याने ही बस्ती बांधली. त्या काळच्या दानाचे दोन शिलालेख मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावचा दगड बघायला विलायतेला जावे लागते! कमळ तेवढे आपल्याकडे राहिले.

दुसरा दिवस हलशीचा. खानापूर-नंदगड भागातले हे गाव बेळगावहून सुमारे ४० किलोमीटर. जून २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा खर्च काय तो पुरुषमंडळींचाच. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली की झाले. आमचे जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळे परतायची वेळही आपोआप ठरते.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांचे मोठे ठाणे. मृगेशवर्मा राजाने आपले वडील शांतिवर्मा यांच्या स्मरणार्थ इथे जिनालय उभारले आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा तिन्ही संघांना जमीन दिली. त्याचा मुलगा रविवर्मा. त्याच्या काळच्या ताम्रपटात लिहिले आहे की पुरुखेटक गावच्या उत्पन्नातून दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस जिनेंद्रांचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याचे चार महिने साधूंच्या आहाराची सोय व्हावी.

शाळेत आम्ही राजे लढायांवरून पाठ केले. या ताम्रपटात मला घरखर्चाची वही दिसते. सण किती दिवसांचा, पैसा कुठून यायचा, पावसाळ्यात कुणाच्या जेवणाची काळजी घ्यायची, सगळे नीट लिहून ठेवलेले. अशी वही प्रत्येक घरातली बाई ठेवते. कार्तिकात आपल्याकडे अष्टाह्निका येते तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्याच वहीचे पुढचे पान आपण लिहीत असतो, एवढेच.

तिसरा दिवस दोन राण्यांचा. कित्तूरजवळच्या देगावात कमलनारायणाचे देऊळ आहे. गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने ते बाराव्या शतकात बांधवले. तिथून कित्तूरचा पडका वाडा जवळच. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या फौजेशी लढताना इंग्रजांचा अधिकारी थॅकरे पडला. डिसेंबरात किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि १८२९ मध्ये राणी बैलहोंगलला कैदेतच वारली. मुलींना हे दोन्ही दाखवा. एकीने देऊळ बांधवले, एकीने राज्यासाठी कैद सोसली.

आमची मुले उद्या नोकरीसाठी पुण्या-बेंगळुरूला जाणार. तिथे कुणीतरी विचारणारच, ‘‘बेळगावचे का? म्हणजे त्या सीमावादातले?’’ तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला वादापलीकडचे काही हवे. बस्तीच्या दानाचे लेख कन्नड, हलशीचे ताम्रपट संस्कृत, आणि ते बघून आलेली आपण माणसे घरात मराठी बोलतो. एवढे सांगता आले तरी पुष्कळ. त्यासाठी गोव्याच्या मुकामाइतके पैसे लागत नाहीत. डबा तेवढा पहाटे उठून भरावा लागतो, आणि तो भरताना मुलांनाही हाताशी घ्यावे.