सोनेरी खुर्चीखालचे नाव

आमच्या चिंचणीत सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटावर शके ८४८ हे वर्ष कोरलेले आहे, आणि संजानचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी मधुमती याचे नावही. फ्रेंच सोनेरी खुर्ची इतकी बोलकी नसते. तिचे कुळ शोधायचे तर आधी तिला उलटी करावी लागते!

पॅरिसच्या सुतारसंघाने १७४३ साली नियम केला, की प्रत्येक उस्तादाने आपल्या मालावर नावाचा शिक्का ठोकावा. १७६५ साली उस्ताद झालेल्या जॉर्ज जाकोबचा शिक्का बैठकीच्या चौकटीखाली मिळाला, की लिलावात किंमत चढते. म्हणून खोटे शिक्केही निघाले. शिवाय राजाच्या पदरच्या काही कारागिरांना शिक्क्याची सक्तीच नव्हती.

आणखी एक मौज पाहा. चौकट सुताराची, वेलबुट्टी नक्षीकाराची. खडू-सरसाचा लेप, त्यावर तांबडी माती आणि वर सोन्याचा वर्ख, हे काम तिसऱ्याचेच. नाव मात्र बहुधा सुताराचे! तो वर्खही पुढे अनेकदा नव्याने चढवलेला असतो.

माझा भरवसा शिक्क्यापेक्षा उघड्या लाकडावर अधिक. त्यावर चक्राकार करवतीचे वाटोळे ओरखडे दिसले, तर ती चौकट बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. मग खाली जाकोबचे नाव का असेना.