चावी नसलेल्या घड्याळाला चावी देताना

१/ आपण आजही घड्याळाला ‘चावी देतो’. वास्तविक मनगटी घड्याळाला चावी नसतेच. असते ती कडेला बाहेर डोकावणारी, खाचा पाडलेली एक बारीक गुंडी. इंग्रजीत तिला क्राऊन, म्हणजे मुकुट म्हणतात. मग चावी हा शब्द आला कोठून, आणि ही गुंडी रुसते तेव्हा आत नेमके काय बिघडलेले असते, यावर आजचा धागा. #इतिहास #थ्रेड

२/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातल्या बहुतेक घड्याळांना खरोखरीची सुटी चावी असे. झाकण उघडायचे, छिद्रात चावी घालायची आणि फिरवायची. चावी हरवली की घड्याळ मुके होई. शिवाय रोज झाकण उघडल्यामुळे धूळ आत जाई ती वेगळीच.

३/ आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळजीने १८४२ च्या सुमारास ही अडचण सोडवली. एकाच गुंडीने चावीही द्यायची आणि ती ओढून काटेही लावायचे, अशी ही रचना. १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळाले आणि तेथेच मूळच्या पोलंडच्या आंतोनी पाटेकशी त्याची गाठ पडली. पाटेक फिलिप हे नाव त्या भेटीतून जन्मले. सुटी चावी पुढे नाहीशी झाली, मात्र मराठीने तिचे क्रियापद टाकून दिले नाही. भाषा ही वस्तूंची सर्वात चिवट संग्राहक असते, असे मला अशा वेळी वाटते.

४/ आता आतली वाट पाहू. गुंडीला एक पोलादी दांडी जोडलेली असते. दांडीवर दोन लहान दातेरी चाके असतात. एक चावी देण्याचे, तर दुसरे पुढेमागे सरकणारे. गुंडी आत असताना ही दोन्ही एकमेकांत गुंततात, त्यांच्यामार्फत वरची चाके फिरतात आणि डबीतील कमान गुंडाळली जाते. एक छोटी खिटी ती उलटी सुटू देत नाही. चावी देताना ऐकू येणारी टकटक या खिटीची. गुंडी ओढली की सरकते चाक दुसऱ्या बाजूला जाऊन काट्यांच्या चाकांना भिडते.

५/ एवढे ध्यानात आले की लक्षणांवरून रोग ओळखता येतो.

गुंडी अखंड फिरते, खिटी वाजते, पण ताण कधीच येत नाही: बहुधा कमान तुटलेली आहे. (स्वयंचलित घड्याळात मात्र हे दुखणे नव्हे. तेथे कमान पूर्ण भरल्यावर मुद्दाम घसरते.)

गुंडी सोडताच बोटांत गर्रकन उलटी फिरते: खिटी किंवा तिची स्प्रिंग गेली.

गुंडी हातातच आली: तिच्याबरोबर काय आले ते पाहावे. अख्खी दांडी आली असेल, तर तिला धरून ठेवणारा आतला स्क्रू सैल झाला आहे. दांडीचा तुकडाच आला असेल, तर ती मोडली आहे.

चावी देताना काटेच फिरू लागतात: सरकते चाक जागेवर परतत नाही. कारण गंज किंवा तुटलेली स्प्रिंग.

चावी देताना करकर होऊन झटके बसतात: दाते झिजले. येथे घरगुती उत्साही मंडळी एक घोटाळा करतात. वरच्या एका चाकाचा स्क्रू अनेक घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो सुटण्याऐवजी मोडतो.

६/ सर्वात दीर्घायुषी गैरसमज हा: ‘चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बंद पडले.’ कमान पूर्ण भरली की गुंडी थांबते आणि तेथे आपणही थांबायचे असते. पूर्ण भरलेले घड्याळ चालत नसेल, तर दोष बहुधा आत सुकलेल्या तेलाचा आणि साचलेल्या मळीचा असतो. चावीवर आळ येतो, कारण बंद पडण्यापूर्वी माणसाने शेवटचे केलेले काम तेच असते.

७/ थोडे विषयांतर. गुंडी ओढून काटे लावणे ही क्रिया एके काळी मुंबई इलाख्यात राजकीय होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे. रेल्वेने ती स्वीकारली, पण मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही. नाशिकहून आगगाडीने मुंबईस उतरणाऱ्या प्रवाशापुढे प्रश्न असे: घड्याळ स्थानकाचे मानावे की शहराचे?

८/ गुंडी ही घड्याळाच्या तटबंदीतील खिंडही आहे, कारण पाणी बहुधा तेथूनच शिरते. १९२६ मध्ये रोलेक्सने आट्यांनी घट्ट बसणारी गुंडी असलेले ऑयस्टर घड्याळ आणले. १९२७ मध्ये इंग्लिश खाडीत उतरलेल्या मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने ते बरोबर नेले. साध्या घड्याळांच्या नशिबी मात्र एक रबरी कडी, आणि तीही कालांतराने कडक होणारी. नाशिकचा आषाढ-श्रावण आणि मनगटाचा घाम यांपुढे ती किती टिकणार? गुंडीभोवती तांबूस भुकटी दिसली की दांडीला गंज धरलेला असतो. तेथे जोर लावू नये.

९/ हे सारे आज का सांगायचे? १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली. तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेले, १७ माणकांचे, रोज चावी मागणारे घड्याळ ही त्या पिढीची ओळख ठरली. नाशिकरोडचा प्रेस असो वा ओझरचा विमान कारखाना, पाळीवर जाणाऱ्याचा दिवस अशा घड्याळावर चाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. म्हणजे आज नव्या दांड्या आणि गुंड्या त्या कारखान्यातून येत नाहीत. एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला लावला जातो, तबकडी नव्याने रंगवली जाते आणि ‘जुने अस्सल’ म्हणून विकली जाते.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट खटकायला हवी. आजोबांच्या घड्याळातील झिजलेली गुंडी हेही एक साधन आहे. रोज सकाळी फिरवणाऱ्या बोटांनी तिच्या खाचा गुळगुळीत केलेल्या असतात. म्हणून दुरुस्ती अवश्य करावी, पण देण्यापूर्वी तबकडीचे, मागच्या झाकणावरील आकड्यांचे आणि जमल्यास आतल्या यंत्राचे छायाचित्र काढावे. काढलेली जुनी गुंडी आणि मोडकी दांडी कारागिराकडून परत मागून घ्यावी, आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून घड्याळाबरोबरच ठेवावी.