वायर काढली, पण भाषेचं काय?

चाळीसगावातून आजचा एपिसोड. गोष्ट आहे वायफायच्या एका छोट्या अडॅप्टरची.

रात्रीचे साडेअकरा. धाकट्या बहिणीचा सकाळी पेपर, हॉल तिकीट फोनमध्ये, स्टेशन रोडची झेरॉक्सची दुकानं बंद. घरात जुना प्रिंटर होता, पण वायरवाला, आणि लॅपटॉप बिघडलेला. मी म्हटलं, टेन्शन नाही, आपल्याकडे वायफाय अडॅप्टर आहे ना! प्रिंटरच्या मागच्या चौकोनी खाचेत तो बसेचना. पुढच्या पेनड्राइव्हच्या खाचेत बसला, दिवासुद्धा लागला. पण फोनला प्रिंटर काही दिसेना.

का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

1970-80 च्या दशकांत प्रिंटर कॉम्प्युटरला जोडायचा म्हणजे जाडजूड, खूप पिनांची केबल. माऊसची खाच वेगळी, कीबोर्डची वेगळी. हा गोंधळ मिटवायला 1996 साली यूएसबी आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या टीममधलं मोठं नाव म्हणजे अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मुलीच्या शाळेचं काम घरच्या प्रिंटरवर छापताना बायकोची होणारी दमछाक त्यांनी पाहिली होती, असं ते सांगतात. म्हणजे बघा, यूएसबीच्या मुळाशीही घरातला प्रिंटरच!

पण यूएसबीचा एक नियम आहे. घरात कर्ता एकच, तो म्हणजे कॉम्प्युटर. बाकीच्यांनी त्याने विचारल्यावरच बोलायचं. म्हणून कॉम्प्युटरकडे चपटी खाच आणि प्रिंटरकडे चौकोनी, दोन बिनबोलके एकमेकांना जोडलेच जाऊ नयेत म्हणून. प्रिंटर विचारण्याची वाट बघणारा, अडॅप्टरही तसाच. मग सुरुवात कोण करणार? पुढच्या खाचेत प्रिंटर कर्ता होतो खरा, पण त्याला फक्त पेनड्राइव्हची ओळख. अडॅप्टरमधली चिप चालवायला ड्रायव्हर लागतो, आणि तो प्रिंटरमध्ये नसतो.

आपल्या पाचोऱ्याचंच घ्या. मुंबई-भुसावळची मोठी लाईन 1676 मिलिमीटर रुंद, आणि तिथून जामनेरला जाणारी छोटी गाडी 762 मिलिमीटरच्या रुळांवर. रूळ दोन्हीकडे लोखंडाचेच, स्टेशनही एकच. तरी गाडी बदलावीच लागायची.

आता बिनतारी बाजू बघू. 1971 साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. 1997 मध्ये आजच्या वायफायचं पहिलं मानक ठरलं, ‘वायफाय’ हे नाव 1999 चं. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 साली परवानामुक्त झाला. घरोघरी राऊटर लावायला वाट मोकळी झाली ती अशी.

पण वायफाय फक्त रस्ता देतं. कागद केवढा, शाई किती, हे सांगायची भाषा वेगळी, आणि प्रत्येक कंपनीची आपापली. 2010 मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं. 2013 मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था काढली, आणि त्याच वर्षी अँड्रॉइड 4.4 मध्ये छपाईची सोय आली. आज नवा प्रिंटर फोनला पटकन सापडतो तो नुसत्या अँटेनामुळे नाही. कंपन्यांनी एक सामाईक भाषा मान्य केली म्हणून.

मग त्या रात्री काय केलं? ड्रॉवरमधली ओटीजी केबल काढली. 2001 पासून यूएसबीत ही सोय आहे, तिच्यामुळे फोनच कर्ता होतो. प्रिंटर कंपनीचं प्रिंट प्लगइन फोनमध्ये टाकलं. काही मॉडेल त्यावरून वायरीनेही चालतात. आमचं चाललं. बारा वाजून दहा मिनिटांनी हॉल तिकीट हातात!

तुमच्याकडे जुना प्रिंटर असेल तर स्वस्त अडॅप्टर घ्यायची घाई करू नका. आधी बघा, राऊटरला यूएसबीची खाच आहे का, आणि तो प्रिंट सर्व्हर म्हणून चालतो का? नसेल तर घरच्या वायफायवर असलेल्या जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडा आणि शेअर करा. वेगळा प्रिंट सर्व्हरचा डबाही मिळतो, फक्त आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे ना, ते विकत घेण्याआधी तपासा.

एकच लक्षात ठेवा: मधे कुणीतरी कर्ता हवा. अडॅप्टर वायर काढतो, बोलायला शिकवत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला. आणि हो, हॉल तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवत जा!