मिरी, मिरची आणि एक ट्रे सॉसेज

'इटालियन सॉसेज' कशाला म्हणायचं, याची व्याख्या अमेरिकेच्या सरकारी नियमांत दिलेली आहे. चरबी ३५ टक्क्यांहून जास्त नको. मीठ हवं, मिरी हवी. आणि बडीशेप किंवा तिच्यासारख्याच वासाचं अनीस, दोन्हींपैकी निदान एक हवं. अशा अटी पूर्ण केल्या की पाकिटावर 'इटालियन' छापता येतं. मी दिवसभर रिक्वायरमेंटची डॉक्युमेंट वाचून कोड लिहितो, त्यामुळे हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. एखादी गोष्ट इटालियन आहे की नाही, हे चार ओळींत तपासता येतं!

गंमत म्हणजे खुद्द इटलीत 'इटालियन सॉसेज' अशी काही एक वस्तू नाही. तिथे प्रांत बदलला की सॉसेज बदलतं. आपल्याकडे तरी 'महाराष्ट्रीयन मसाला' कुठे असतो? कोल्हापूरचा कांदा-लसूण असतो, मालवणी असतो, गोडा असतो. 'महाराष्ट्रीयन' हा शब्द लागतो तो दूर गेल्यावर, परक्यांना सांगताना.

मी दूर गेलो होतो. कंपनीने दोन वर्षांसाठी जर्सी सिटीला पाठवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात रोज मॅगी आणि अंडी खाऊन कंटाळलो, तेव्हा टीममधल्या एका वयस्क टेस्टरबाईंनी मला एक पदार्थ शिकवला. त्यांचे पणजोबा दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रांतातून आले होते.

कृती इतकी सोपी की तिला कृती म्हणायलाही संकोच वाटतो. पाच-सहा सॉसेज, तीन रंगीत ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ, ओरेगॅनो. मिरच्यांच्या जाड फोडी करायच्या, सगळं एका ट्रेमध्ये पसरायचं आणि २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ४० मिनिटं ठेवायचं. मध्ये एकदा हलवायचं. दाटी मात्र करायची नाही. ट्रे गच्च भरला तर मिरचीचं पाणी सुटतं आणि सगळं भाजण्याऐवजी वाफवून निघतं. कडा थोड्या काळ्या झाल्या की झालं. पावाबरोबर खायचं.

त्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर ट्रे दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे ढोबळी मिरचीची भाजीच की रे. त्यात ते कसलं घातलंयस?" मी सांगितलं. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "बरं. पोट भरलं ना?"

पुढचे काही महिने मी या ट्रेचा इतिहास वाचत होतो. आता तो सांगतो.

टेस्टरबाईंच्या पणजोबांच्या प्रांताचं जुनं नाव लुकानिया. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात व्हारो नावाच्या रोमन पंडिताने लिहून ठेवलं आहे, की आतड्यात भरलेल्या मांसाला 'लुकानिका' म्हणतात, कारण सैनिकांनी ते लुकानियातल्या लोकांकडून उचललं. म्हणजे रोमने हा मुलूख जिंकला आणि येताना तिथलं सॉसेज घेऊन आला. तेच नाव आजही फिरतं आहे. उत्तर इटलीत 'लुगानेगा', स्पेनमध्ये 'लाँगानिसा', ग्रीसमध्ये 'लुकानिको'.

या लुकानिकाची कृती एपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात आहे. जिरं, पार्सली, काही पाला, माशाचं आंबवलेलं पाणी, आणि यादीत सगळ्यात आधी मिरी. ही मिरी मलबारची. मोसमी वाऱ्यांवर येणारी जहाजं मुझिरिस बंदरातून ती भरून तांबड्या समुद्रापर्यंत न्यायची. इजिप्तमधल्या बेरेनिके या बंदराच्या उत्खननात एका देवळात साडेसात किलो काळी मिरी सापडली, तीही भारतीय बनावटीच्या रांजणात. पहिल्या शतकात प्लिनी तक्रार करतो, की भारत दरवर्षी आपल्याकडून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

म्हणजे हे सॉसेज इटलीचं होतं तेव्हाही त्यातला तिखटपणा आपल्या किनाऱ्यावरून जात होता. ढोबळी मिरची मात्र या गोष्टीत अजून कुठेच नाही. ती तेव्हा अटलांटिकच्या पलीकडे होती.

१४९२ मध्ये कोलंबस निघाला त्याच्या मनातल्या यादीत मिरी होती. भारत सापडला नाही, मिरीही सापडली नाही. कॅरिबियन बेटांवरचे लोक 'अही' नावाचं लाल तिखट फळ जेवणात वापरताना दिसले. जानेवारी १४९३ च्या नोंदीत तो म्हणतो, की ही यांची मिरी आहे आणि आपल्या मिरीपेक्षा सरस आहे. वनस्पती म्हणून दोघींचं काहीही नातं नाही. मिरी वेलीवर येते, मिरची वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. पण ज्या गोष्टीच्या शोधात निघालो तिचंच नाव त्याने सापडलेल्या गोष्टीला दिलं. स्पॅनिशमध्ये मिरी 'पिमिएन्ता', मिरची 'पिमिएन्तो'. इंग्रजीत तर दोन्हींना 'पेपर'च. इटालियनमध्ये मिरी म्हणजे 'पेपे', ढोबळी मिरची म्हणजे 'पेपेरोने', शब्दशः मोठी मिरी. आणि छोटी तिखट मिरची 'पेपेरोन्चिनो', म्हणजे त्या मोठ्या मिरीची छोटी आवृत्ती. आपल्याकडे फाइलला 'फायनल-नवीन-छोटी' असं नाव देतात, त्यातलाच प्रकार.

हे वाचून मी कोलंबसला हसलो, आणि मग एकदम थांबलो. आपण काय केलं? पोर्तुगीजांबरोबर हेच फळ सोळाव्या शतकात गोव्याला आलं. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. नवं फळ आलं आणि आपणही त्याला जुन्या ओळखीच्या वस्तूवरूनच नाव दिलं. मिरीवरून मिरची. पुढे मोठी, जाड, तिखट नसलेली आली तेव्हा तिला 'ढोबळी' म्हटलं. 'पेपेरोने' आणि 'ढोबळी मिरची' हे दोन शब्द दोन भाषांत, एकमेकांना न विचारता, एकाच पद्धतीने बनले आहेत. नवी वस्तू दारात आली की माणसं घरातलंच नाव शोधतात.

दोन्हीकडे ती गरिबांच्या घरात शिरली तेही एकाच कारणाने. मिरी विकत घ्यावी लागे, मिरची परसात येई. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नेपल्सच्या राज्यावर स्पेनची सत्ता होती. अमेरिकेतून आलेलं पीक दक्षिण इटलीच्या शेतांत पोचायला ती वाट सरळ होती. बाझिलिकातातल्या सेनिसे गावच्या गोड मिरच्या आजही दोऱ्यात ओवून घराबाहेर वाळत घालतात. फोटो पाहिला तर आपल्याकडचं उन्हाळ्यातलं अंगण आठवतं. इकडे गोव्यात पोर्तुगीज सॉसेजचं 'शोरीस' झालं. त्यात वाइनऐवजी माडाचं व्हिनेगर गेलं आणि भरपूर लाल मिरची. सॉसेज आणि मिरचीची भेट अशी दोन टोकांना झाली.

मग दक्षिण इटलीत हा ट्रे रोजचा होता का? मुळीच नाही. शेतमजुराच्या घरी मांस सणावारी. वर्षातून एकदा, थंडीत, डुक्कर मारायचं, आणि त्यातलाही चांगला भाग विकावा लागायचा. ओव्हनही घरोघर नव्हता. मातेरा या गावात लोक सामायिक भट्टीत पाव भाजायला द्यायचे, आणि आपला पाव ओळखता यावा म्हणून त्यावर घराण्याच्या अक्षरांचा लाकडी शिक्का मारायचे.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेला गेले. बहुसंख्य दक्षिणेतले. तिथे त्यांचं स्वागत झालं नाही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं. शहरातल्या समाजसेवकांना यांचा लसूण खटकायचा, मसाला खटकायचा. पण आठवड्याला रोख मजुरी मिळत होती आणि मांस स्वस्त होतं. गावी जे जमीनदाराच्या ताटात दिसायचं ते कारखान्यातल्या मजुराच्या ताटात आलं. पुढे स्वयंपाकघरात गॅसचा ओव्हनही आला. सॉसेज आणि मिरच्यांचा भरलेला ट्रे ही गावाकडून आणलेली चव नव्हती. गावी सणाला मिळणारी चव इथे कुठल्याही मंगळवारी मिळू लागली होती. ते 'इटालियन' झाले तेही इथेच. निघाले तेव्हा लुकानियाचे, नेपल्सचे, सिसिलीचे होते.

मग दार बंद झालं. भारतीयांसाठी ते १९१७ च्या कायद्याने आधीच बंद झालं होतं. १९२४ च्या कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला. पहिल्या महायुद्धाआधी वर्षाला दोन लाखांहून जास्त येत होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९२६ मध्ये, न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सच्या लोकांनी सान जेन्नारो या आपल्या संताचा उत्सव सुरू केला. तो आजही भरतो, आता ११ दिवस. मी गेलो होतो. रस्ताभर मोठ्या तव्यांवर सॉसेज, मिरच्या आणि कांदे परतत असतात आणि तो वास जॅकेटला दोन दिवस राहतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळ पुरली ती एक वेगळीच गोष्ट. गेलेल्यांपैकी पुष्कळ जण परत आले. अंदाज तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातात. गावात त्यांना 'अमेरिकानी' म्हणायचे. कार्लो लेवी या लेखकाला १९३५ मध्ये फॅसिस्ट सरकारने लुकानियात हद्दपार केलं होतं. त्याच्या पुस्तकात असे परत आलेले लोक आहेत. तिथे डॉलर कमावणारे, इथे पुन्हा त्याच जमिनीवर. ते पुस्तक मी वाचत होतो तेव्हा माझा व्हिसा संपत आला होता आणि पुढच्या व्हिसाच्या लॉटरीत माझं नाव लागलं नव्हतं.

मी परत आलो. लोक विचारतात, "का आलास रे?" प्रश्नाचा सूर असा, की काहीतरी बिघडलं असणार. पहिले काही महिने मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता नाही देत.

गेल्या रविवारी पुण्याच्या फ्लॅटवर आई आली होती. मी चिकनचा खिमा आणला. त्यात मीठ, लसूण, भरडलेली मिरी आणि तव्यावर भाजून कुटलेली बडीशेप घातली. आतडं नव्हतं, म्हणून हातानेच लांबट वळकट्या केल्या. ओटीजीच्या छोट्या ट्रेमध्ये मिरच्या-कांद्यांबरोबर भाजल्या. दाटी झालीच, मिरच्यांना पाणी सुटलं. मग दोन वेळा करावं लागलं.

मीठ होतं, मिरी होती, बडीशेप होती. त्या अमेरिकन नियमातल्या मसाल्याच्या अटी तरी पूर्ण झाल्या. टेस्टरबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की आमच्या पणजीनेही हाताशी होतं त्यातच केलं असणार.

आईने पोळीबरोबर खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाली, "भाजी छान झाली. बडीशेप कुणी सांगितली तुला?"

मी म्हटलं, "लांबची गोष्ट आहे. चहा टाकतो, मग सांगतो."