पाचारणाची पारख कशी करावी?

धर्मगुरू किंवा धर्मभगिनी व्हावे असा विचार अनेक तरुण-तरुणींच्या मनात केव्हातरी येऊन जातो. ही पाचारणाची चाहूल असू शकते. परंतु केवळ विचार आला म्हणून पाचारण सिद्ध होत नाही. एखाद्या रिट्रीटमध्ये किंवा गुरुदीक्षाविधीच्या वेळी मन भारावते. तो भर ओसरल्यावर काय उरते, हे शांतपणे पाहणे म्हणजे पारख. येथे प्रश्न संपूर्ण आयुष्याचा असल्यामुळे घाई करून चालत नाही.

प्रार्थनेची तयारी

बालक शमुवेलाला हाक तीनदा ऐकू आली. प्रत्येक वेळी तो एलीकडे धावला. हाक परमेश्वराची आहे हे एलीने त्याला उमगून दिले. यातून आपण दोन गोष्टी शिकतो : ऐकण्यासाठी शांतता लागते आणि समजण्यासाठी मार्गदर्शक लागतो. म्हणून रोज ठराविक वेळ पवित्र शास्त्राचे मनन, नियमित मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार, रात्रीची आत्मपरीक्षा आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाशी मोकळा संवाद ही पारखीची साधने होत.

मनातील हालचाली

१५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत संत इग्नेशियस लोयोला जखमी झाले. अंथरुणावर असताना त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली. शौर्य व कीर्तीची स्वप्ने तेवढ्यापुरती सुखावत, मागाहून मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने मात्र आनंद टिकून राही. या अनुभवातून त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ आकारास आली. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. त्यांचा एक नियम आजही मोलाचा आहे : मन खिन्न असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

हेतूही तपासावेत. मानसन्मान, सुरक्षितता, घरच्यांची हौस किंवा संसाराची भीती हे आपल्या ओढीचे मूळ तर नाही ना?

ख्रिस्तसभेचा होकार

पाचारणाचा निर्णय एकट्याचा नसतो. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये येशूसंघाच्या मिशनरींना साहाय्य केले. त्या संघात प्रवेश करण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. पुढे ते व्यापारात उतरले आणि नंतर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर रक्तसाक्ष दिली व १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. एक दार बंद झाले म्हणून पाचारण संपत नाही, हे त्यांच्या जीवनातून दिसते.

ख्रिस्तसभा पारखीला पुरेसा अवधी देते. धर्मगुरुपदासाठी तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचे मिळून सहा वर्षांचे शिक्षण आणि वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असणे अपेक्षित आहे. व्रतस्थ जीवनात किमान बारा महिन्यांचे नवशिक्षण व त्यानंतर किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रते असतात. या काळात उमेदवार संघाला पारखतो, संघ उमेदवाराला.

आईवडिलांस विनंती

१९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०२६ नुसार कुणालाही दीक्षेची सक्ती करणे, तसेच पात्र व्यक्तीला त्यापासून परावृत्त करणे निषिद्ध आहे. घरात एक-दोनच मुले असताना पालकांच्या मनाची घालमेल आम्ही समजू शकतो; तरीही मुलाला ढकलू नये, अडवूही नये. कुणी सेमिनरीतून परत आल्यास त्याला नावे ठेवू नयेत. प्रामाणिक पारखीनंतर मिळालेला नकारही देवाच्या इच्छेचा शोधच असतो. विवाहित व प्रापंचिक जीवन हेही पाचारणच आहे.

पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार, म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार, १९६४ पासून पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. मनात अशी ओढ असलेल्यांनी आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंशी अवश्य बोलावे. आपण सर्वांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.