एजंट ऑरेंज : आजार दिसतो, कारण कसे सिद्ध करणार?
व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात जंगलांवर तणनाशके फवारली. त्यांतल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. पुढे आजारी पडलेल्या माजी सैनिकांचे भरपाईचे दावे पुराव्याअभावी फेटाळले जात. अशा निर्णयांविरुद्ध स्वतंत्र अपील न्यायालय १९८८ च्या कायद्याने मिळाले. तरी खरी अडचण वैद्यकीयच होती. एखाद्या रुग्णाचा कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. म्हणून १९९१ च्या कायद्याने सैनिकावरचे ओझे उतरवले. व्हिएतनाममधली सेवा आणि यादीतला आजार असला, की संबंध गृहीत धरला जाऊ लागला. २००१ मध्ये यादीत टाइप २ मधुमेहही आला. लक्षात ठेवा, पुरावा नाही म्हणजे संबंध नाही, असे नसते.