दगड बाहेर, फळ्या घरात

सिंगापूरच्या चांगी पॉइंटला बारा उतारू जमले की बमबोट सुटते आणि दहाएक मिनिटांत पुलाउ उबीनला लागते. या बेटाचा ग्रॅनाइट दूरवर पोचला: १८५१ मध्ये उजळलेल्या हॉर्सबर्ग दीपगृहात आणि १९२४ साली पुऱ्या झालेल्या जोहोर कॉजवेतही. बेटावरच्या कम्पुंगातली, म्हणजे खेड्यातली, माणसे मात्र लाकडी फळ्यांच्या, पत्र्याच्या घरांत राहिली. वास्तुध्वनिशास्त्राकडे वळणाऱ्या वाचकाला याहून चांगले पहिले उदाहरण मला तरी सुचत नाही. आवाज अडवते ते वजन, आणि तेही हात आखडून. भिंत दुप्पट जड केली, तरी हिशेबाने फार तर सहा डेसिबल पदरात पडतात.

मग भिंतीत भोक पाडून नळीने रद्दी कागदाचा भुगा भरला तर? ही युक्ती थंड मुलखातली. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ती फोफावली, ती घराची ऊब राखण्यासाठी. भिंतीच्या दोन पडद्यांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी थरथरते. भुगा ती थरथर जिरवतो. पण दोन्ही पडदे एकाच खांबाला ठोकलेले असले, की आवाज खांबातून बिनबोभाट पलीकडे जातो. आणि एकेरी फळीच्या भिंतीत भरायला पोकळी तरी कुठे असते?

त्यातून फटी. भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर बाकीची ग्रॅनाइटची असली तरी वीस डेसिबलपुढे मजल जात नाही. उबीनवर शहरासारखी वीजवाहिनी नाही. अनेक घरांची भिस्त डिझेल जनरेटरवर. त्याची घरघर नको म्हणून फटी बुजवाव्यात, तर दमट उकाड्यात झोपायचे कसे? कोकणातल्या माणसाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. माझे मत विचाराल तर घराला हात लावू नये. हवेला वळणाची वाट ठेवून जनरेटरभोवतीच विटांची भिंत घालावी.

आवाज जिरवणे निराळे, अडवणे निराळे. १८९५ च्या सुमारास हार्वर्डात वॉलेस सेबाइनने व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून घुमारा कमी केला. त्याच गाद्यांनी शेजाऱ्याचा रेडिओ थांबला नसता. नवख्यांची गल्लत होते ती बहुधा इथेच, म्हणून या पुस्तकाची पहिली प्रकरणे या फरकावरच खर्ची घातली आहेत.

डेसिबलमागच्या लॉगरिदमची धास्ती घेऊ नका, ते पुढे सावकाश येतील. तोवर रात्री दिवे मालवून भिंतीच्या पलीकडून कुणाला तरी टॉर्च फिरवायला सांगा. जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथे खडूने खूण करून ठेवा.